शेवटचा हात

कोणतीही वस्तू पुरी झाली असे केव्हा म्हणावे, या प्रश्नाचा खल तत्त्वज्ञांनी आणि कलावंतांनी पुष्कळ केलेला आहे. परंतु पुरी झालेली वस्तू राखावी कशी, आणि राखताना तिच्यावर आपला अधिकार किती चालतो, या प्रश्नाकडे त्या मानाने लक्ष कमी गेलेले दिसते. वस्तुतः व्यवहारात हा दुसरा प्रश्नच अधिक वेळा उभा राहतो. घडविणारा एकदाच घडवितो. राखणारांची मात्र परंपरा लागते. या प्रश्नाचा विचार आज आम्ही एका अगदी लहान, कित्येकांस पोरकटही वाटेल अशा उदाहरणावरून करणार आहो. विमाने, जहाजे, सैनिक यांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती जुळवून व रंगवून झाल्यावर त्यांच्यावर व्हार्निशचा शेवटचा हात द्यावा की न द्यावा, हा तो प्रश्न होय. विषय क्षुद्र आहे असा आक्षेप येईल तर आमचे उत्तर इतकेच की, मोठ्या वस्तूंपुढे आपल्या मनात भीड, अभिमान आणि भक्ती यांची एवढी गर्दी होते की विचाराला उभे राहावयास जागा उरत नाही. वीतभर विमानापुढे ती अडचण नसते.

हा छंद आता नवा राहिलेला नाही. 'फ्रॉग' या नावाने प्रसिद्ध असलेल्या इंग्रजी खेळण्यांच्या मालिकेत १९३६ साली 'पेंग्विन' या नावाचे, सुटे भाग जुळवून विमान तयार करावयाचे संच निघाले. मूळ विमानाच्या एक बहात्तरांश हे त्यांचे प्रमाण होते आणि आजही ते लोकप्रिय आहे. त्यातील सोय उघड आहे. मूळचे सहा फूट ते येथे एक इंच. स्पिटफायर विमानाच्या पंखांचा विस्तार ३६ फूट १० इंच. प्रतिकृतीत तो सहा इंचांहून किंचित अधिक भरतो. एवढ्याशा अंगावर वैमानिकाच्या खुर्चीपासून शेपटीवरच्या क्रमांकापर्यंत सर्व काही बसवावयाचे, सांधे घासून नाहीसे करावयाचे, आणि मग एकावर एक रंगाचे पातळ हात देत जावयाचे. एकेका प्रतिकृतीत कित्येक महिन्यांच्या संध्याकाळी जातात. इतके झाल्यावर ती बोटांच्या एका घामट स्पर्शाने डागळू शकते, पंखाच्या कडेचा रंग झिजून खालचे प्लास्टिक दिसू लागते. तेव्हा तिला काही कवच असावे ही इच्छा स्वाभाविक आहे.

परंतु व्हार्निश हे केवळ कवच नव्हे, आणि विचाराचा घोटाळा येथूनच सुरू होतो. या कामात व्हार्निश दोनदा लागते. विमानावरची निशाणे व आकडे अतिपातळ पारदर्शक पापुद्र्यावर छापलेले मिळतात. ते पाण्यात भिजवून, कागदावरून अलगद सरकवून जागी बसवावे लागतात. खाली रंग खरखरीत व बिनचकाकीचा असेल तर पापुद्र्याखाली हवा अडकते आणि निशाणाभोवती चंदेरी झाक दिसू लागते. म्हणून आधी चकचकीत व्हार्निशचा एक हात देऊन पृष्ठभाग गुळगुळीत करून घ्यावयाचा. त्याच गुळगुळीतपणामुळे पुढे पातळ केलेला काळपट रंग पत्र्याच्या सांध्यांच्या रेषांत आपोआप ओढला जातो व त्या उठून दिसतात. हे सारे झाल्यावर मग मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या व्हार्निशचा शेवटचा हात. यात सिलिकेची अतिसूक्ष्म पूड मिसळलेली असते. तिच्या योगाने पृष्ठभाग सूक्ष्म प्रमाणात खडबडीत होतो, प्रकाश सरळ परत न फिरता विखुरतो आणि चकाकी मावळते. पूड बाटलीच्या तळाशी बसते, म्हणून बाटली नीट ढवळून न घेणाराच्या विमानावर पांढरट धुके उतरते. आपल्याकडे पावसाळ्यात फवाऱ्याने व्हार्निश मारू नये असे जाणते लोक सांगतात, त्याचे कारणही असेच भौतिक आहे. द्रावक झपाट्याने उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो व दमट हवेतील बाष्प त्यावर धरते. मग काळ्या रंगावर राखेसारखी छटा येते. मुंबईच्या जुलै महिन्यात हा अनुभव घ्यावयास फार कौशल्य लागत नाही.

या शेवटच्या हाताने निशाणांची चकाकी, नंतर सुधारलेल्या जागांचे डाग, सांध्यावर राहिलेला गोंदाचा ओघळ, सर्व एका प्रकाशात येतात आणि तुकड्यांचे विमान होते. हे रक्षण नव्हे, ही पूर्ती आहे. चित्रकार शेवटी सावल्या जुळवून घेतो, तसलेच हे काम. परंतु बाटली एक, ब्रश एक, आणि क्रियाही एकच; त्यामुळे पूर्ती कोणती व रक्षा कोणती याचा निवाडा खुद्द करणारालाही पुष्कळदा सांगता येत नाही. गोंदाचा ओघळ झाकण्यात थोडी लबाडी आहे, असे एखादा कर्मठ म्हणेल. पण तो न्याय लावावयाचा तर भिंतीला चुनाही देता येणार नाही.

आता रक्षणापुरते पाहू. व्हार्निशचे कवच मूळ वस्तूच्या प्रमाणात लहान होत नाही, ही या प्रकरणातील खरी मेख आहे. विमान बहात्तर पटींनी लहान झाले, पण व्हार्निशचा थर काही बहात्तर पटींनी पातळ देता येत नाही. तीस मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे शंभरात तीन भाग, एवढा जरी थर धरला तरी मूळ विमानाच्या हिशेबाने तो दोन मिलिमीटरांहून जाड होतो. खऱ्या विमानाला इतके जाड काचेचे कातडे चढविण्याची कल्पना कोणत्या अभियंत्याने खपवून घेतली असती? ब्रिटिशांनी रात्रीच्या लढाईसाठी काही विमानांस अत्यंत निस्तेज, मखमलीसारखा काळा रंग दिला होता, तर त्याच्या नुसत्या खरखरीतपणामुळे त्यांचा वेग घटला आणि तो रंग सोडून द्यावा लागला. प्रकाशाचेही तसेच. दोन फुटांवरून पाहिलेली ही प्रतिकृती म्हणजे १४४ फुटांवरून पाहिलेले विमान. तेवढ्या अंतरावर हवेने रंग किंचित फिका होतो आणि चकाकी बरीच मावळते. प्रतिकृतीवरची चकाकी मात्र डोळ्यांसमोरच लखलखते आणि 'मी खेळणे आहे' असे सांगून मोकळी होते. म्हणजे कवच जितके भक्कम तितकी प्रतिकृती खोटी, आणि जितकी खरी तितकी ती उघडी. दोन्ही बाजूंनी पैसे वसूल करण्याची सोय येथे नाही.

मग खेळण्याने काय करावे? खेळण्याला हा पेच पडतच नाही, कारण त्याचा जन्म हाताकरिता आहे. ब्रिटन या इंग्रज कारखानदाराने १८९३ साली पोकळ शिशाचे सैनिक ओतण्यास आरंभ केला. ते चकचकीत रंगाचे असत, आणि ते योग्यच होते. ते पोरांच्या मुठीत जावयाचे, गालिच्यावर पडावयाचे, तोंडातही जावयाचे. एच्. जी. वेल्ससारख्या ग्रंथकारानेही अशाच सैनिकांनी खेळावयाच्या लढाईवर १९१३ साली 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहिले, आणि आज जे प्रौढ गृहस्थ मेजावर सैन्ये मांडून खेळतात ते आपल्या सैनिकांवर व्हार्निशचे दोन दोन हात देतात. भाल्याचे टोक व टोपीचा कंगोरा येथला रंग आधी जातो हे त्यांना पुरते ठाऊक असते. आपल्या सावंतवाडीचे चितारी गंजिफांची वाटोळी पाने रंगवून त्यांवर लाखेचा हात देत आले, तो याच न्यायाने. दशावतारी गंजिफेची १२० पाने. ती पिसावयाची, वाटावयाची, रागाने आपटावयाचीही. लाख नसती तर मत्स्यापासून कल्कीपर्यंत सर्वांचा अवतार पहिल्याच डावात आटोपला असता. लाखेची चकाकी तेथे लबाडी नाही, कारण ते पान कशाची प्रतिकृती नाही. ते स्वतःच मूळ आहे.

तेव्हा हातासाठी केलेल्या वस्तूला व्हार्निश आणि डोळ्यांसाठी केलेल्या वस्तूला काचेची पेटी, अशी वाटणी प्रथमदर्शनी पुरेशी वाटते. काच वस्तूला शिवत नाही हा तिचा मोठा गुण. धूळ ती अडविते, बोटे अडविते, आणि नको झाली तर दूर करता येते. परंतु काचेने अंतर वाढते, खर्च वाढतो, आणि ज्याच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात चाळीस विमाने आहेत त्याने चाळीस पेट्या कोठे ठेवाव्या, हेही पाहिले पाहिजे. शिवाय सूर्यप्रकाशाने रंग विटतात त्याला साधी काच फारशी आड येत नाही. साधे व्हार्निशही येत नाही. खिडकीपासून दूर ठेवणे हाच त्यावर स्वस्त उपाय आहे, आणि बहुधा स्वस्त असल्यामुळेच तो कोणी करीत नाही.

याहून अवघड बाजू काळाची आहे. व्हार्निश दिले त्या दिवशी ते कसे दिसते यावर आपण निर्णय करतो. पण वस्तू त्या दिवसापुरती राखावयाची नसते. प्लास्टिकच्या प्रतिकृतींचा इतिहास शंभर वर्षांचाही नाही, म्हणून जुन्या व्हार्निशची साक्ष चित्रांकडूनच घेतली पाहिजे, आणि ती साक्ष गंभीर आहे. राळेचे व तेलाचे व्हार्निश कालांतराने पिवळे, मग तपकिरी पडते. निळे आकाश हिरवट होते, पांढरे वस्त्र मधासारखे दिसू लागते. हा फरक इतका सावकाश होतो की पाहणारांच्या दोन पिढ्या त्यालाच चित्राचा मूळ रंग समजतात. सर जॉर्ज बोमंट हे इंग्लंडातील थोर चित्रसंग्राहक. जुन्या व्हायोलिनचा तपकिरी रंग हाच निसर्गचित्राचा खरा रंग असे त्यांचे मत. कॉन्स्टेबल या चित्रकाराने वाद न घालता एक जुने व्हायोलिन उचलून समोरच्या हिरवळीवर नेऊन ठेवले, अशी गोष्ट त्याच्या चरित्रात आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीत १८४६ च्या सुमारास जुनी चित्रे साफ केली तेव्हा वर्तमानपत्रांतून ओरड झाली; शंभर वर्षांनी, १९४७ साली, साफ केलेल्या चित्रांचे प्रदर्शन भरले तेव्हा पुन्हा तीच. लोकांचे प्रेम चित्रावर होते की चित्रावरच्या काजळीवर, हे त्यांचे त्यांनाही सांगता येईना. पिसारोने तर १८८० सालच्या आपल्या एका निसर्गचित्राच्या पाठीमागे, यावर कृपा करून व्हार्निश देऊ नये, अशी विनंतीच लिहून ठेवली आहे. आपल्यामागून येणारे प्रेमळ लोकच आपला घात करतील, ही त्याला भीती होती.

अजिंठ्यास ही भीती खरी ठरली. तेथली चित्रे कोरड्या गिलाव्यावर डिंकासारख्या बंधकाने रंगविलेली, म्हणजे स्वभावतःच बिनचकाकीची. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ पासून काही वर्षे त्यांच्या नकला करीत होते. मूळ चित्रे स्पष्ट दिसावी म्हणून त्या वेळी भिंतींवर व्हार्निश फासले गेले. नकलेसाठी मूळ बिघडविणे यास काय म्हणावे? आणि त्या नकलांपैकीही बऱ्याच १८८५ साली लंडनच्या आगीत जळाल्या. पुढे निजाम सरकारने १९२० च्या सुमारास इटलीहून दोन तज्ज्ञ आणविले. त्यांनी भिंतीपासून सुटू पाहणारे पापुद्रे पक्के केले, हे त्यांचे उपकार मान्य केले पाहिजेत. परंतु चित्रांवर त्यांनी चपड्या लाखेचे द्रावणही दिले. ती लाख पुढे काळवंडली, आणि तिच्यावर धूळ व वटवाघळांची घाण बसत गेली. त्यानंतरच्या पिढ्यांतील रसायनज्ञांस चित्रांची सेवा करण्याऐवजी आधीच्या सेवेची निस्तरपट्टी करीत बसावे लागले. त्या इटालियनांस दोष देणे सोपे आहे. त्यांच्या काळी उत्तम म्हणून जे ठाऊक होते तेच त्यांनी वापरले. आमचा मुद्दा निराळा आहे. आपल्या काळचे उत्तम हे पुढच्या काळचेही उत्तम राहील, असे गृहीत धरण्याचा अधिकार राखणाराला नाही.

म्हणूनच चित्रसंग्रहालयांतून आता एक नियम मानला जातो: राखण्यासाठी जे द्यावयाचे ते, मूळ रंगाला धक्का न लावता, पुढे काढता आले पाहिजे. तेलरंगावर हे शक्य आहे. जुना तेलरंग कठीण झालेला असतो आणि वरचे व्हार्निश सौम्य द्रावकाने निघते. प्रतिकृतींची पंचाईत ही की तेथे आज रंगही बहुधा ॲक्रिलिक आणि व्हार्निशही ॲक्रिलिक. एकाच कुळातील असल्याने जे द्रावक एकाला काढील ते दुसऱ्यालाही काढील. अशा ठिकाणी शेवटचा हात खरोखरीच शेवटचा असतो. घडविणाराने तो द्यावा. त्याचे काम त्याने बिघडविले तरी ते त्याचेच, आणि तो पुन्हा रंगवू शकतो. दुसऱ्याच्या कामावर तो देणारा मात्र, रक्षक म्हणून आत येऊन, नकळत सहकर्ता होऊन बसतो.

हा केवळ तर्क नाही. आमचे एक स्नेही गेल्या वर्षी वारले. तारुण्यात त्यांनी 'विक्रांत' या विमानवाहू नौकेवर नोकरी केली होती. ही नौका १९६१ साली नौदलात दाखल झाली, १९९७ साली निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४ साली मोडीत निघाली. तिचे पत्रे कापले जात असल्याची बातमी त्यांनी वर्तमानपत्रात वाचली त्याच आठवड्यात तिची प्रतिकृती करावयास घेतली, असे त्यांच्या घरचे सांगतात. सुमारे सातशे फुटांची नौका, सातशेंत एक हे प्रमाण, म्हणजे बरोबर एक फूट लांबी. लाकूड व प्लास्टिकचे पत्रे कापून, जुने फोटो पाहून, त्यांनी ती केली. करड्या रंगावर, नांगराची साखळी जेथून उतरते त्या भोकाखाली आणि पाणी ओघळते त्या जागी, गेरूची कोरडी पूड बारीक ब्रशाने घासून गंज दाखविला आहे. त्यांच्या कपाटातील बाकी सर्व प्रतिकृतींवर मॅट व्हार्निश आहे; हिच्यावर नाही. हिच्यानंतर दुसरे काही त्यांनी केले नाही, कारण त्याच सुमारास त्यांनी अंथरूण धरले.

त्यांच्या मुलाने आम्हांस विचारले, "काका, यावर व्हार्निश देऊन टाकू का? बाबा असते तर त्यांनी दिलंच असतं. बाकी सगळ्यांवर दिलंय."

युक्तिवाद लंगडा नाही. घरात लहान मूल आहे, खिडकीतून समुद्राची दमट हवा येते, आणि काहीच न करणे हाही एक निर्णयच असतो. धूळ कोणाच्या संमतीची वाट पाहत नाही. उपेक्षेला विनय म्हणण्याची चूक आपल्या लोकांनी कित्येक देवळांच्या व वाड्यांच्या बाबतीत केलेली आहे. तथापि 'त्यांनी दिलंच असतं' या शब्दांशी आम्ही अडलो. मृत माणसाची सवय ही त्याची आज्ञा नव्हे. शिवाय गेरूच्या पुडीवर व्हार्निश पडले की ती भिजून गडद होते किंवा जवळजवळ दिसेनाशी होते, हे या कामातील कोणासही ठाऊक असते, आणि आमच्या स्नेह्यांस तर होतेच होते. त्यांनी मुद्दाम दिले नाही, की द्यावयाचे राहून गेले? यावर त्यांचा मुलगा व आम्ही एक संध्याकाळ घालविली. शेवटी त्यांच्या मेजाच्या खणात दोन बोटे लांबीचा प्लास्टिकचा एक तुकडा सापडला. त्यावर तोच करडा रंग, तीच गेरूची रेघ, आणि अर्ध्या भागावर व्हार्निश. त्या अर्ध्यात रेघ काळपट झाली होती. दुसऱ्या अर्ध्यात ती तशीच तांबूस होती.

मुलगा म्हणाला, हे पाहून त्यांनी बेत सोडला असावा. त्याची आई म्हणाली, सोडला नसेल, दुसरी बाटली आणावयाची असेल. ते एका बाटलीवर थांबणारे गृहस्थ नव्हते. दोघांचेही खरे असू शकते, आणि तुकडा याहून अधिक काही बोलत नाही. आमचे मत आम्ही दिले: व्हार्निश उद्याही देता येईल, परवाही देता येईल; दिलेले मात्र काढता येणार नाही. आज संशय आहे तोवर काच करून घ्यावी. पलीकडच्या फळीवरच्या एका लहान रणगाड्याचा मात्र नातवाने आधीच कबजा घेतला होता. त्याच्यावर चकचकीत व्हार्निशचे दोन हात खुशाल द्यावे असे सुचविले, आणि ते त्याच रविवारी दिलेही गेले.

पेटीचे माप घेताना मुलाने तो तुकडाही आत नौकेशेजारी ठेवावयास सांगितले. पेटी आली तेव्हा नौकेची डोलकाठी वरच्या काचेस टेकते असे दिसून आले. सुताराने डोलकाठी अर्धा इंच कापावी असे सुचविले. त्याची पेटी परत पाठविली आहे. अद्याप ती आलेली नाही.